कलकत्त्याची अखेरची फुले

हावड्याच्या पुलाच्या पायथ्याशी, हुगळीच्या पूर्व तीरावर, मल्लिक घाट नावाचा एक जुना घाट आहे. राममोहन मल्लिक या धनिकाने १८५५ साली आपले वडील निमाईचरण यांच्या स्मरणार्थ तो बांधविला. एका दिवंगत पित्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या या पायऱ्यांवर पुढे फुलांचा बाजार भरू लागला, आणि आज देशातील मोठ्या फुलबाजारांत त्याची गणना होते. रात्र सरण्यापूर्वीच पांशकुडा, कोलाघाट, बागनान, राणाघाट, ठाकुरनगर या बाजूंनी फुलांचे भारे येऊ लागतात. झेंडूच्या माळांची पिवळी-केशरी वेटोळी, कालीमातेसाठी ओवलेले तांबड्या जास्वंदीचे हार, मिटलेल्या कमळकळ्यांच्या जुड्या, आणि या सर्वांच्या मध्ये पांढऱ्या फुलांच्या लांब काड्यांचे गठ्ठे. या काड्या रजनीगंधेच्या. महाराष्ट्रात तिला कोणी निशिगंध म्हणतात, कोणी गुलछडी.

नोकरीनिमित्त कलकत्त्यात जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाला या फुलाची खरी ओळख होते ती बहुधा शेजारच्या घरी मृत्यू घडला म्हणजे. महाराष्ट्रात दुखवट्याच्या घरी भेटायला जाणारा मनुष्य रिकाम्या हातांनी जातो. हार घालायचा तो अंत्ययात्रेपूर्वी किंवा स्मशानात. तेराव्याच्या आत घरी फुले घेऊन जाणे कोणाच्या मनातही येत नाही. बंगाली घरातील श्राद्धाला मात्र पाहुणा हातात रजनीगंधेच्या काड्यांची जुडी आणि मिठाईची पेटी घेऊन येतो. तेथे मृताची तसबीर चौरंगावर मांडलेली असते, तिला पांढऱ्या फुलांचा जाड हार असतो, दोन्ही बाजूंना उभ्या काड्यांची फुलपात्रे असतात, आणि आलेला प्रत्येक जण आपली जुडी त्यांतच ठेवून नमस्कार करतो. नवख्या मराठी माणसाने फुलवाल्याला 'श्राद्धबाडी' एवढा एकच शब्द सांगितला तरी पुरे. फुलवाला दुसरा प्रश्न न विचारता रजनीगंधा काढून देतो. त्याने रंगीत गुलाबांचा गुच्छ मागितलाच, तर तो घेणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

अडचण पुढेच येते. आठवड्याभराने त्याच मराठी कुटुंबाला लग्नाचे आमंत्रण येते, आणि तेथेही रजनीगंधाच असते. वराच्या गळ्यातील माळ तिची, आणि फुलशय्येच्या रात्री पलंगाभोवती सोडलेले सरही तिचेच. ज्या फुलाने परवा शवाच्या खाटेचे चार कोपरे सजले, त्याच फुलाने आज शय्येचे चार कोपरे सजलेले पाहून परप्रांतीयाच्या मनात चलबिचल होते. बंगाली माणसाला यात विसंगत असे काहीही वाटत नाही.

हे फूल शोकाचे ठरले कसे, याचे उत्तर धर्मशास्त्रात शोधू गेल्यास अर्धेच हाती लागते. श्राद्धाला कोणती फुले चालतात याचा विचार स्मृतिकारांनी बारकाईने केला आहे. शंखस्मृतीत उग्र वासाची, निर्गंध, चैत्यवृक्षांवर उगवलेली आणि तांबड्या रंगाची फुले वर्ज्य सांगितली आहेत. त्यातही पाण्यात उमललेले फूल तांबडे असले तरी चालते अशी सवलत आहे. कमळाला हा मान पाण्यामुळे मिळाला. पांढरे, सौम्य सुगंधाचे फूल पितरांना रुचते, ही समजूत बंगालपासून कोकणापर्यंत सारखीच दिसते. महाराष्ट्रातील श्राद्धात माक्याच्या पाल्याला जे महत्त्व आहे ते बंगाली घरात आढळणार नाही, पण जास्वंद दोन्हीकडे वर्ज्यच. मात्र रजनीगंधेचे नाव या जुन्या ग्रंथांत असणे शक्य नाही, कारण त्या काळी ते झाड या भूमीवर नव्हतेच.

रजनीगंधा मूळची मेक्सिकोची. स्पॅनिश लोक त्या देशात उतरण्यापूर्वी तेथील नाहुआत्ल भाषेत तिला 'ओमिशोचित्ल' असे नाव होते, आणि त्याचा अर्थ अस्थिपुष्प, हाडाचे फूल. पाकळीच्या मेणासारख्या पांढुरकेपणावरून ते पडले असावे. उत्तर हिंदुस्थानात चितेतून अस्थी वेचण्याच्या विधीला 'फूल चुनना' म्हणतात, हे ज्याला ठाऊक असेल त्याला या योगायोगाची गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. दसऱ्याला महाराष्ट्रातील प्रत्येक दारावर चढणारा झेंडूही त्याच मेक्सिकोतून आलेला. तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचा सण साजरा होतो आणि थडग्यांवर झेंडूच्या पाकळ्यांचे सडे घातले जातात. कलकत्त्यातील ख्रिस्ती कुटुंबेही २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या आणि झेंडूची फुले ठेवतात. एकच फूल, एकच तिथी, आणि मध्ये अर्ध्या पृथ्वीचे अंतर; या दोन रिवाजांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नाही.

युरोपीय व्यापाऱ्यांच्या वाटेने आलेली ही पाहुणी बंगालमध्ये रुजली ती तेथील मातीमुळे आणि हवेमुळे. नद्यांच्या गाळाची जमीन, दमट उष्मा आणि भरपूर पाणी तिला मानवते. उद्यानशास्त्राच्या पुस्तकांत या फुलाच्या जातींना 'कलकत्ता सिंगल' आणि 'कलकत्ता डबल' अशी नावे आहेत, यावरूनच शहराचे तिच्याशी नाते किती जवळचे झाले ते समजते. अंत्यविधीच्या दृष्टीने तिचे व्यावहारिक गुण पाहण्यासारखे आहेत. तिच्या काडीवरील कळ्या खालून वर क्रमाने उमलतात, त्यामुळे तोडलेली काडी पाण्यात अनेक दिवस टिकते. वैशाखाच्या उन्हात जेथे गुलाब दुपारपर्यंत मान टाकतो तेथे ही ताठ उभी असते. सूर्य मावळला की तिचा सुगंध वाढतो, आणि रात्रभर शवाजवळ बसणाऱ्या घराला त्या सुगंधाचा आधार होतो, हे कोणी बोलून दाखवीत नसले तरी खरे आहे. शास्त्राने मागितले होते पांढरे व सुगंधी फूल. बाजाराने ते पुरविले. रूढी पुष्कळदा अशाच बनतात, आणि दोन पिढ्यांनंतर त्या अनादी वाटू लागतात.

दुसरी धारा इंग्रजांची. कलकत्त्यातील पहिल्या काळच्या इंग्रजांना मृतांना फुले वाहण्याइतकी सवड नव्हती. १७६७ साली उघडलेल्या पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत आजही फिरले तर पिरॅमिड आणि उंच शिलास्तंभ यांची दाटी दिसते. त्यांवरील वये वाचली म्हणजे छाती दडपते. लँडरच्या काव्याने अमर झालेली रोझ एल्मर १८०० साली येथे पुरली गेली, ती अवघी वीस वर्षांची होती. त्या रस्त्याचे पूर्वीचे नावच मुळी बरिअल ग्राउंड रोड. फुलांच्या पुष्पचक्राची रीत नंतरच्या, स्थिरावलेल्या साहेबी वस्तीबरोबर आली. १ जानेवारी १८७४ रोजी म्युनिसिपालिटीचा नवा बाजार, पुढे हॉग मार्केट या नावाने ओळखला गेलेला, उघडला, आणि त्यातील फुलांच्या गाळ्यांतून साहेबांच्या मेजवान्यांना गुच्छ आणि दफनाला पुष्पचक्रे जाऊ लागली. मल्लिक घाटावर फूल वजनाने व शेकड्याने विकले जाई; नव्या बाजारात ते बांधून, सजवून, पाठविणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून विकले जाऊ लागले. हा फरक दिसतो तेवढा लहान नाही. हाराला नाव नसते. पुष्पचक्राला असते, आणि त्यामुळे कोणाचे पुष्पचक्र आले, कोणाचे आले नाही, कोणाचे पुढे ठेवले आणि कोणाचे मागे, या विचाराला शोकघरात वाट मिळाली.

या दोन धारांच्या मध्ये उभ्या असलेल्या एका माणसाची आठवण येथे होते. मायकेल मधुसूदन दत्त २९ जून १८७३ रोजी वारले. तीनच दिवस आधी त्यांची पत्नी हेन्रिएटा गेली होती. हिंदू समाजाला ते ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती धर्मगुरूंना पुरेसे ख्रिस्ती वाटेनात. दफन कोठे करावे यावरच खल झाला. अखेर लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत पत्नीशेजारी जागा मिळाली, पण कित्येक वर्षे थडग्यावर साधा दगडही नव्हता. बंगालमध्ये जन्मलेल्या वाटसरूने क्षणभर थांबावे, असे विनविणारा मृत्युलेख त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. तो पुढे तेथे कोरला गेला, आणि आता दर २५ जानेवारीला, त्यांच्या जन्मदिनी, वाचक तेथे थांबतात व फुले ठेवतात. ज्या दिवशी फुलांची गरज होती त्या दिवशी कोणते फूल योग्य हे ठरविण्याइतकीही माणसे एकमताने जमली नव्हती.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १६ ऑगस्ट १८८६ रोजी, काशीपूरच्या उद्यानगृहात श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. डॉक्टर महेंद्रलाल सरकार दुपारी आले, त्यांनी एक छायाचित्र घ्यावे असे सुचविले आणि त्यासाठी दहा रुपये देऊन ते गेले. ते छायाचित्र उपलब्ध आहे. अंगणात खाट ठेवली आहे, ती फुलांनी आणि माळांनी मढविली आहे, आणि मागे तरुण शिष्य उभे आहेत. त्यांत पुढे विवेकानंद म्हणून जगाला माहीत झालेले नरेंद्रनाथही आहेत. फुले झाकण्यासाठी घातलेली नाहीत. चेहरा मोकळा आहे. बंगाली घरांतील पुढल्या शेकडो अंत्यचित्रांची मांडणी या चित्रासारखीच आहे, आणि तसबिरीपुढे फुले ठेवण्याच्या रिवाजालाही छायाचित्रकलेमुळेच बळ आले असले पाहिजे. तसबीर नव्हती तेव्हा हार घालायचा कशाला?

येथपर्यंत फुलांचा प्रश्न घराचा होता. १९०८ सालच्या नोव्हेंबरात तो सरकारचा झाला. चंद्रनगरच्या कन्हाईलाल दत्त या विशीतल्या तरुणाने सत्येंद्रनाथ बसू यांच्यासह अलिपूरच्या तुरुंगात माफीचा साक्षीदार नरेंद्रनाथ गोस्वामी याला गोळ्या घातल्या होत्या. १० नोव्हेंबरला कन्हाईलालला फाशी झाली आणि शव नातलगांच्या स्वाधीन करण्यात आले. अधिकाऱ्यांना वाटले असावे की चार माणसे येतील आणि घेऊन जातील. कालीघाटाजवळच्या केओडातला स्मशानापर्यंत माणसांचा लोट उसळला. घराघरांतून फुलांचा वर्षाव झाला, स्त्रियांनी हार, तूप, चंदन आणले, आणि चिता शांत झाल्यावर लोकांनी राख चिमूटचिमूट करून नेली. त्याच महिन्यात सत्येंद्रनाथांना फाशी झाली तेव्हा सरकारने शव तुरुंगाबाहेर देण्याचे नाकारले. दहन तुरुंगाच्या आवारातच उरकण्यात आले.

ज्या राजवटीने सभा, वृत्तपत्रे आणि भाषणे यांवर निर्बंध घातले तिला झेंडूच्या माळेचीही धास्ती वाटावी, यात नवल नाही. फुलाला खटला भरता येत नाही, आणि ते कोणी फेकले हेही सिद्ध करता येत नाही. तेव्हा उपाय एकच: ज्यावर ते पडायचे ते शवच दृष्टीआड करायचे. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरात भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासमवेत फाशी गेलेले खेडचे शिवराम हरी राजगुरू यांच्या वाट्यालाही हेच आले. सतलजच्या काठी हुसेनीवाला येथे रात्री गुपचूप दहन झाले. पुणे जिल्ह्यातील त्या घरचा हार तेथे पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

मात्र प्रत्येक वेळी शव लपविणे सरकारला जमले नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य गेले तेव्हा चौपाटीच्या वाळूत दहनाला परवानगी द्यावी लागली, आणि भर पावसात, पद्मासनात बसविलेला तो देह लाखो लोकांनी पाहिला. कलकत्त्यात जून १९२५ मध्ये देशबंधू चित्तरंजन दासांचे शव दार्जिलिंगहून सियालदह स्थानकावर आले. गांधीजी तेथे हजर होते, त्यांनी खांदा दिला, आणि यात्रा केओडातल्याला गेली. १३ सप्टेंबर १९२९ रोजी ६३ दिवसांच्या उपोषणानंतर लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास मरण पावले. त्यांचे शव आगगाडीने हावड्यास आणले गेले, आणि वाटेत स्थानकास्थानकावर लोक फुले घेऊन उभे होते. या तिन्ही प्रसंगी कोणते फूल योग्य हा प्रश्न उरलाच नाही. ज्याच्या हाती जे आले ते योग्य झाले.

पण गर्दीचे प्रेमही निर्दय होऊ शकते, आणि याचा अनुभव कलकत्त्याने ७ ऑगस्ट १९४१ रोजी घेतला. श्रावणाचा बाविसावा दिवस. दुपारी बाराच्या सुमारास जोडासाँकोच्या वाड्यात रवींद्रनाथ गेले. आत, घरातील माणसांनी सारे हळुवारपणे केले. देहाला शुभ्र रेशमी वस्त्रे नेसविली, कपाळी चंदन रेखिले, गळ्यात पांढऱ्या फुलांची माळ घातली, आणि छातीवर ठेवलेल्या हातात राणी चंद यांनी कमळाची एक कळी दिली. इतकी नेमकी निवड क्वचितच होते. पाण्यातून उगवणारे, शास्त्राला मान्य, आणि अजून न उमललेले असे ते एकच फूल. मग दारे उघडली आणि लोक आत घुसले. यात्रा निघाली तेव्हा देह घरच्यांच्या हाती राहिला नव्हता. वाटेत आठवण म्हणून कवींच्या दाढीचे व डोक्याचे केस ओढून नेण्यापर्यंत मजल गेली. पुत्र रथींद्रनाथ निमतला घाटापर्यंत पोचूच शकले नाहीत, आणि अग्नी कुटुंबातील दुसऱ्या एका तरुणाने दिला. त्या दिवशी आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून वीरेंद्रकृष्ण भद्र यांनी अंत्ययात्रेचे वर्णन ऐकविले आणि काझी नझरुल इस्लाम यांनी आपली शोककविता वाचली. हजारो घरांतील लोकांनी जागच्या जागी बसून निरोप दिला. घाटावर धक्काबुक्कीत फुले फेकणाऱ्यांपेक्षा रेडिओसमोर स्तब्ध बसलेल्यांचा निरोप कवीला अधिक आवडला असता, असे म्हणण्यास हरकत नाही.

कलकत्ता हे एका धर्माचे शहर कधीच नव्हते, त्यामुळे तेथे फूल पाठविणाऱ्याला घर पाहून विचार करावा लागतो. मुसलमान घरी पुष्पचक्राला स्थान नाही. कबरीवर गुलाबाच्या पाकळ्या वाहण्याची चाल मात्र आहे. यहुदी परंपरेत दफनाला फुले देत नाहीत, थडग्यावर लहानसा खडा ठेवतात. पारशांची बेलियाघाट्याची दख्मा १८२२ पासूनची; तेथे देहाबरोबर फुले जात नाहीत, पण मुक्तादच्या दिवसांत दिवंगतांच्या नावे धातूच्या कलशांत ताजी फुले रोज बदलून ठेवली जातात. टांगऱ्यातील चिनी कुटुंबे एप्रिलमध्ये पूर्वजांच्या थडग्यांवर जातात. त्यांच्याकडे पांढरी-पिवळी शेवंती शोकाची मानली जाते, म्हणून जिवंत चिनी स्नेह्याला ती भेट देऊ नये. ज्याला यातले काहीच माहीत नाही त्याने थोडी पांढरी फुले न्यावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. विचारल्याचा राग कोणी मानीत नाही.

स्वातंत्र्यानंतर पुष्पचक्रे राज्याची झाली. २४ जुलै १९८० रोजी उत्तमकुमार आणि २३ एप्रिल १९९२ रोजी सत्यजित राय गेले तेव्हा हार होते लोकांचे आणि चक्रे होती पदाधिकाऱ्यांची. १३ सप्टेंबर १९९७ रोजी मदर तेरेसांच्या राजकीय इतमामातील अंत्यविधीला देशोदेशींच्या प्रतिनिधींनी आणलेली पुष्पचक्रे नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये शिस्तीने रांगेत ठेवली गेली. आज त्यांच्या मठातील साध्या समाधीवर भगिनी फुलांच्या पाकळ्यांनी एखादे वचन लिहितात. ज्योती बसू १७ जानेवारी २०१० रोजी वारले. त्यांनी देहदान केलेले होते. चितेऐवजी यात्रा रुग्णालयात संपली, आणि विधी एकही नसताना फुले मात्र पूर्वीइतकीच आली.

एप्रिल २००८ मध्ये मल्लिक घाटाच्या बाजाराला मोठी आग लागली, तरी तो पुन्हा भरू लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने तो ओस पडला, आणि फुलांचे भारे शेतातच राहिले. त्या वर्षी साथीने मरण पावलेल्यांचे देह प्रशासनाच्या ताब्यात जात, आणि त्यांच्यासाठी शहराच्या पूर्वेकडील धापा येथील स्मशान राखून ठेवले होते. नातलगांना आरंभी अंत्यदर्शनही नव्हते. पुढे पारदर्शक आवरणातून, दुरून, चेहरा दाखविला जाऊ लागला. कारण १९०८ चे नव्हते. येथे संसर्गाचे भय खरे होते, आणि त्याची तुलना परक्या राजवटीच्या भयाशी करणे अन्यायाचे ठरेल. तरीही घरी राहिलेल्यांची वेदना ओळखीचीच होती. सप्टेंबर २०२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने निर्णय दिला की आवश्यक ती खबरदारी घेऊन कुटुंबीयांना अंत्यदर्शन घेऊ द्यावे आणि अंत्यविधी करू द्यावेत. आपल्या माणसाचा सन्मानाने निरोप घेणे हा हक्कच आहे, असे त्यात मानले गेले. तोपर्यंत मल्लिक घाटाच्या पायऱ्यांवर रजनीगंधेचे गठ्ठे पुन्हा येऊ लागले होते. ज्यांना सहा महिन्यांपूर्वी काहीच वाहता आले नव्हते, ती माणसेही काड्या घेऊन गेली आणि त्यांनी त्या तसबिरीपुढे ठेवल्या.